नवा गेम कन्सोल येणार, पण डिस्कचे काय?

नाशिक, प्रतिनिधी

व्हिडिओ गेमच्या कन्सोलची पुढची पिढी आकार घेऊ लागली आहे. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या पुढच्या एक्सबॉक्ससाठी एएमडी या चिप तयार करणाऱ्या कंपनीशी अनेक वर्षांची भागीदारी जाहीर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी एएमडीसोबत विकसित होत असलेल्या नव्या तंत्राची माहिती दिली आणि ते काही वर्षांत येणाऱ्या कन्सोलमध्ये वापरण्याची इच्छा बोलून दाखवली. तेव्हापासून कॉलेज रोडच्या कट्ट्यांपासून सिडकोतील सोसायट्यांपर्यंत, जिथे जिथे गेम खेळणारी मुले जमतात, तिथे नव्या यंत्राची चर्चा रंगते. चित्रे किती जिवंत दिसतील, वेग किती वाढेल, जुने गेम त्यावर चालतील का, असे प्रश्न विचारले जातात.

हे सारे प्रश्न योग्यच आहेत. मात्र नाशिकसारख्या शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न याहून साधा आहे. नव्या यंत्रात डिस्क घालता येईल का? हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण प्रत्यक्षात तो घरखर्चाचा आहे. विकत घेतलेली वस्तू आपली असते की नसते, हाही प्रश्न त्यातच दडलेला आहे.

एक डिस्क, चार घरे

कन्सोलचा खर्च दोन भागांत होतो. पहिला यंत्राचा, जो एकदाच करावा लागतो. दुसरा गेमचा, जो यंत्र घरात असेपर्यंत चालू राहतो. प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा मोठ्या गेमची किंमत ४,९९९ रुपये ठेवण्यात आली होती. वर्षाला असे चार गेम घ्यायचे म्हटले, तर जवळपास २० हजार रुपये होतात. अडीच वर्षांत गेमचा खर्च यंत्राच्या किमतीएवढा होतो. म्हणूनच यंत्र एकवेळ घेता येईल, पण गेमचे काय, ही पालकांची तक्रार रास्त असते.

या अडचणीवर खेळणाऱ्यांनीच एक वाट काढली. डिस्क खेळून झाली की विकायची, नाहीतर मित्राशी तिची अदलाबदल करायची. समजा, इंदिरानगर, पंचवटी, सातपूर आणि नाशिक रोड येथील चार मित्रांनी प्रत्येकी एक गेम घेतला आणि महिन्या-दोन महिन्यांनी डिस्क फिरवल्या. प्रत्येकाच्या खिशातून पाच हजार रुपये जातात आणि प्रत्येकाला चार गेम खेळायला मिळतात. किंवा समजा, ४,९९९ रुपयांची डिस्क महिनाभरात संपवून तीन हजारांना विकली. मग त्या गेमचा खरा खर्च दोन हजार रुपयांच्या आसपास राहतो आणि वर्षाचे २० हजार आठ हजारांवर येतात.

देण्याघेण्याची ही रीत आपल्या शहराला नवी नाही. येथील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची. एकाने वाचलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती जावे, ही कल्पना या शहरात पावणेदोनशेहून अधिक वर्षे रुजलेली आहे. गेमच्या डिस्कने तेच काम तरुण पिढीसाठी केले. डाउनलोड केलेला गेम मात्र असा हातोहात जात नाही. तो ज्या खात्यावर घेतला, त्या खात्यापाशीच राहतो.

दहा महिन्यांपासून एकाच दिवसापर्यंत

नव्या कन्सोलकडून आपल्याकडे एवढ्या अपेक्षा का आहेत, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जगभर निघालेले यंत्र भारतात कधी पोहोचते, याचा इतिहास बोलका आहे. एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत नोव्हेंबर २००५ मध्ये आला आणि भारतात सप्टेंबर २००६ मध्ये, म्हणजे दहा महिन्यांनी. त्याच्या दोन प्रकारांची किंमत १९,९९० आणि २३,९९० रुपये होती. प्लेस्टेशन ३ जपान आणि अमेरिकेत नोव्हेंबर २००६ मध्ये निघाला. भारतात तो २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना मिळू लागला. भारनियमनाच्या त्या दिवसांत चाळीस हजारांचे यंत्र घेणारा ग्राहक आधी इन्व्हर्टरचा विचार करीत असे.

पुढच्या पिढीत प्लेस्टेशन ४ ने हे अंतर दोन महिन्यांच्या आत आणले. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत निघालेले हे यंत्र जानेवारी २०१४ मध्ये आपल्याकडे विक्रीस आले. एक्सबॉक्स वनने मात्र पुन्हा दहा महिने वाट पाहायला लावली. २०२० मध्ये चित्र पालटले. एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि सीरिज एस ही यंत्रे १० नोव्हेंबर २०२० रोजी, जगाबरोबर त्याच दिवशी, भारतात आली. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. जानेवारीत त्याची आगाऊ नोंदणी सुरू झाली, तेव्हा उपलब्ध यंत्रे काही मिनिटांत संपली.

अधिकृत माल पोहोचत नसे किंवा उशिरा पोहोचे, त्या काळात नाशिकच्या हौशी खेळाडूला मुंबईचाच आधार होता. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, लॅमिंग्टन रोड किंवा हाजीअलीजवळच्या हिरापन्ना बाजारात घासाघीस करायची आणि संध्याकाळी यंत्र पिशवीत घालून परतायचे, असा तो शिरस्ता होता. बहुधा बिल नसे, वॉरंटीही नसे. यंत्र बिघडले, की दुरुस्तीसाठी पुन्हा मुंबई. त्यामुळे अधिकृत विक्री वेळेवर सुरू होणे ही लहान शहरांसाठी केवळ प्रतिष्ठेची गोष्ट नव्हती. घराजवळच्या दुकानात बिलासह यंत्र मिळणे आणि बिघाड झाल्यास दाद मागता येणे, हा त्याचा खरा अर्थ होता.

वायफायचा अडसर

अंतर असे कमी होत असतानाच २०२४ मध्ये एक धक्का बसला. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो हे अधिक शक्तिशाली यंत्र जगातील अनेक देशांत विक्रीस आले, पण भारताला त्यातून वगळण्यात आले. त्याचे कारण किमतीत किंवा मागणीत नव्हते, तर वायफायच्या लहरींत होते. या यंत्रात वायफाय ७ हे नवे तंत्र आहे आणि ते सहा गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा वापर करते. अमेरिकेने हा पट्टा २०२० मध्येच वायफायसाठी खुला केला होता. ज्या देशांत तशी परवानगी नाही, तेथे हे यंत्र विकले जाणार नाही, असे सोनीने स्पष्ट केले. भारत अशा देशांपैकी एक होता.

सहा गिगाहर्ट्झचा पट्टा कोणाला द्यावा, यावर आपल्याकडे दीर्घकाळ वाद झाला. मोबाइल कंपन्यांना तो आपल्या सेवेसाठी हवा होता, तर तंत्रज्ञान कंपन्यांचा आग्रह तो वायफायसाठी मोकळा करण्याचा होता. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा खालचा भाग घरातील कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. पुढच्या पिढीची यंत्रे याच प्रकारचे वायफाय वापरतील, असे गृहीत धरले, तर दिल्लीतील हा निर्णय नाशिकच्या खेळाडूसाठीही महत्त्वाचा ठरतो.

निन्टेंडोचे उदाहरण वेगळे आहे. या जपानी कंपनीचा स्विच हा कन्सोल मार्च २०१७ मध्ये, तर स्विच २ हा ५ जून २०२५ रोजी जगभर आला. दोन्ही वेळा भारत अधिकृत विक्रीच्या यादीत नव्हता. तरीही ही यंत्रे येथे येत राहिली, ती परस्पर आयात करणाऱ्या विक्रेत्यांमार्फत. येथे किंमत विक्रेता ठरवतो आणि वॉरंटी त्याच्या शब्दावर असते.

यात करांचीही भर पडते. २०१८ च्या अर्थसंकल्पात व्हिडिओ गेम कन्सोलवरील मूळ आयातशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आले. दुसरीकडे, जानेवारी २०१९ पासून त्यावरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. या दोन दरांनी हिशेब केला, तर बंदरावर १०० रुपयांना उतरलेली वस्तू इतर अधिभार आणि विक्रेत्याचा नफा धरण्यापूर्वीच १४१ रुपयांच्या पुढे जाते.

थोडे थांबलो तर स्वस्त मिळेल, ही जुनी आशाही आता मावळू लागली आहे. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला होता. २००९ मध्ये तो ९९ डॉलरला मिळत होता. याउलट प्लेस्टेशन ५ ची भारतातील किंमत नोव्हेंबर २०२२ मध्ये ४९,९९० वरून ५४,९९० रुपये झाली. अमेरिकेतही २०२५ मध्ये प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स, दोघांचे दर वाढले. यंत्र स्वस्त होत नसेल, तर बचतीची जागा गेमच्या खर्चातच शोधावी लागते. तिथे पुन्हा डिस्कच आठवते.

डिस्क हळूहळू का नाहीशी होते आहे?

डिस्क एका दिवसात गेली नाही. २०२० च्या पिढीत प्लेस्टेशन ५ दोन प्रकारांत आला, एक डिस्क ड्राइव्हसह आणि दुसरा त्याशिवाय. भारतात दोघांच्या किमतीत दहा हजार रुपयांचा फरक होता. स्वस्त असलेल्या एक्सबॉक्स सीरिज एसमध्ये ड्राइव्ह नव्हताच. २०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ चे सडपातळ रूप आले आणि त्यात ड्राइव्ह वेगळा काढता-बसवता येऊ लागला. प्लेस्टेशन ५ प्रो हे सर्वांत महाग यंत्र असूनही त्यात ड्राइव्ह दिलेला नाही, तो वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एक्सबॉक्स सीरिज एक्सचाही बिनड्राइव्हचा प्रकार बाजारात आला. आधी पर्याय, मग सुटा भाग, असा हा प्रवास आहे. पुढची पायरी कोणती, हे ओळखणे अवघड नाही.

कंपन्यांच्या बाजूने पाहिले, तर यामागचे गणित सरळ आहे. डिस्क छापणे, डब्यात भरणे, जहाजाने पाठवणे आणि दुकानदाराला नफा देणे, या साऱ्याला खर्च येतो. डाउनलोडमध्ये तो वाचतो. शिवाय यंत्र बनवणारी कंपनी आपल्या ऑनलाइन दुकानातील विक्रीतून साधारण ३० टक्के वाटा घेते. जुनी डिस्क एकाकडून दुसऱ्याकडे गेली, तर या व्यवहारातून ना कंपनीला काही मिळते, ना गेम बनवणाऱ्याला. त्यामुळे डिस्क नसलेले यंत्र दहा हजारांनी स्वस्त विकले, तरी कंपनीचा तोटा होतोच असे नाही. तो ग्राहक पुढची अनेक वर्षे त्याच एका दुकानातून गेम घेणार असतो. ग्राहकाच्या बाजूने हिशेब केला, तर वर उल्लेखलेल्या उदाहरणात डिस्कमुळे वर्षाला बारा हजार रुपये वाचतात. म्हणजे किमतीतील हा फरक पहिल्याच वर्षात भरून निघतो.

स्विच २ मध्ये एक मधला मार्गही दिसला. त्यासाठी निघालेल्या काही कार्डांत गेम नसतोच, केवळ तो उघडण्याची किल्ली असते. कार्ड यंत्रात घालायचे आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. हे कार्ड मित्राला देता येते, विकताही येते, एवढा त्याचा फायदा. मात्र ज्या दिवशी कंपनी डाउनलोडची सोय बंद करील, त्या दिवशी ज्या यंत्रात तो गेम आधीच उतरवलेला नाही, त्याच्यासाठी ते कार्ड निरुपयोगी ठरेल.

‘विकत घ्या’ म्हणजे नेमके काय?

ऑनलाइन दुकानात गेमच्या चित्राखाली ‘विकत घ्या’ असे बटण असते. कायद्याच्या भाषेत तिथे वस्तूची विक्री होत नाही, वापराचा परवाना मिळतो. खात्याच्या अटींत हे लिहिलेले असते, पण त्या अटी वाचतो कोण? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने याबाबत कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर विक्रेत्याने ते स्पष्टपणे सांगावे, असे त्यात म्हटले आहे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. निन्टेंडोने आपल्या ३डीएस आणि वी यू या यंत्रांवरील ऑनलाइन दुकानातील विक्री मार्च २०२३ मध्ये थांबवली. एक्सबॉक्स ३६० चे दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय कंपन्यांनी चालू ठेवली, पण नवी खरेदी संपली. युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतींचा गेम तर ३१ मार्च २०२४ नंतर पैसे देऊन घेतलेल्यांनाही खेळता येईनासा झाला, कारण तो कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून होता. येथे डिस्क असणाऱ्यांचाही इलाज चालला नाही. म्हणजे डिस्क हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे.

डाउनलोडला वेळही लागतो. आजचे मोठे गेम १०० गिगाबाइटच्या घरात जातात. घरचे इंटरनेट ५० एमबीपीएस वेगाने अखंड चालले, तरी एवढा गेम उतरायला सुमारे साडेचार तास लागतात. ज्या वसाहतींत संध्याकाळी वेग निम्म्यावर येतो, तिथे हे काम रात्रभराचे होते.

दुसरी बाजू पुण्याची

डाउनलोडच्या विरोधातच सारे पुरावे आहेत, असे मात्र नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला गेम तयार केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरीही काम चालू राहिले आणि ऑगस्ट २०२० मध्ये हा गेम प्रथम निन्टेंडो स्विचवर, डाउनलोडच्या रूपाने, जगासमोर आला. गंमत अशी, की पुण्यात घडलेला हा गेम ज्या यंत्रावर सर्वांत आधी खेळता आला, ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते. डिस्क छापून जगभर पाठवण्याची अट असती, तर एवढ्या लहान कंपनीला हे जमणे कठीण होते. सोनीने २०२३ मध्ये भारतीय गेमनिर्मात्यांसाठी ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ सुरू केला, त्यातून येणाऱ्या निर्मात्यांनाही डाउनलोडचाच मार्ग सोयीचा ठरेल.

त्यामुळे डाउनलोड नको, अशी मागणी कोणी करणार नाही. दोन्ही वाटा खुल्या असाव्यात, एवढीच अपेक्षा आहे. लहान गेम थेट इंटरनेटवरून यावेत आणि पाच हजारांचा मोठा गेम हवा त्याला डिस्कवर मिळावा, यात कोणाचे नुकसान नाही.

ग्राहक बोलला, तेव्हा

कंपन्या हे ऐकतील का? एकदा त्यांनी ऐकले होते. २०१३ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनचे नियम सांगितले. यंत्र दर २४ तासांनी इंटरनेटला जोडावे लागणार होते आणि डिस्क दुसऱ्याला देण्यावर किंवा विकण्यावर बंधने येणार होती. जगभरातील खेळाडूंनी संताप व्यक्त केला. काही दिवसांतच लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सोनीने आपल्या प्लेस्टेशन ४ वर अशी बंधने नसतील, असे जाहीर केले आणि त्याची किंमतही शंभर डॉलरने कमी ठेवली. एका माणसाने दुसऱ्याच्या हातात डिस्क ठेवली की झाले, अशी काही सेकंदांची चित्रफीतही सोनीने काढली. १९ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने दोन्ही नियम मागे घेतले.

त्या वेळी दोन कंपन्यांत चुरस होती आणि ग्राहकाला दुसरीकडे जाण्याची वाट होती, म्हणून हे घडले. उद्या दोघांनीही ड्राइव्ह काढून टाकला, तर ती वाट राहणार नाही. म्हणूनच यंत्र बाजारात येण्यापूर्वी, आराखडे ठरत असतानाच हा प्रश्न विचारला जाण्याला महत्त्व आहे.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

नवे यंत्र येईपर्यंत आणि आल्यानंतरही ग्राहकांनी काही गोष्टी तपासून घ्याव्यात. व्हिडिओ गेमची यंत्रे भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत मोडतात. त्यामुळे अधिकृत यंत्रावर ब्युरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक असतो. खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे आवश्यक आहे. यांपैकी काही नसेल, तर यंत्र परस्पर आयात केलेले आहे, असे समजावे आणि वॉरंटी कोण देणार, हे बिलावर लिहून घ्यावे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्रावर २३० व्होल्टचा पुरवठा चालतो का, हे त्यामागच्या पट्टीवर पाहावे.

दुसरे, दहा हजारांची बचत दिसली म्हणून लगेच बिनड्राइव्हचे यंत्र घेऊ नये. आपण वर्षाला किती गेम घेतो, त्यांतले किती विकतो किंवा अदलाबदल करतो, याचा हिशेब आधी कागदावर मांडावा. जो वर्षानुवर्षे एकच क्रिकेट किंवा फुटबॉलचा गेम खेळतो, त्याला ड्राइव्हची गरज नाही. ऑनलाइन दुकानातील सवलतींची वाट पाहण्याचा धीर ज्याच्यापाशी आहे, त्याचेही भागते. पण जो दर दोन-तीन महिन्यांनी नवा गेम घेतो, त्याला ड्राइव्ह परवडतो. तिसरे, जुनी डिस्क घेताना तिच्यासोबतचे सांकेतिक क्रमांक आधीच वापरलेले असू शकतात, हे विसरू नये.

नव्या कन्सोलची चित्रे आजच्यापेक्षा सुंदर असतील, याविषयी शंका नाही. प्रत्येक पिढीत तसे झाले आहे. त्यासाठी मोजलेल्या पैशांतून ग्राहकाच्या हाती काय उरते, हे मात्र अजून ठरायचे आहे. पाच हजार रुपये देऊन घेतलेला गेम धाकट्या भावाला देता यावा, मित्राला वापरायला देता यावा आणि कंटाळा आला तर विकता यावा, ही अपेक्षा फार मोठी नाही. पुस्तकाच्या बाबतीत ती आपण गृहीतच धरतो. नव्या यंत्राचे स्वागत करताना नाशिककरांनी दुकानदाराला किमतीआधी हाच प्रश्न विचारावा. पुरेशा ग्राहकांनी तो विचारला, तर तो कंपन्यांपर्यंत पोहोचल्याशिवाय राहणार नाही.